छावणी ते शहर
(रौप्यमहोत्सवी सोहळ्यातील भाषण)

"कॅम्प चारला राहतो" म्हटलं की गावाकडचे पाहुणे हमखास विचारतात, "कॅम्प कसला?" आपल्या मुलांनाही उत्तर माहीत असावं, म्हणून थोडक्यात सांगतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणशेजारी, खेड्यापाड्यांच्या मधल्या माळावर लष्कराची छावणी उभी राहिली. युद्ध संपलं, बराकी रिकाम्या झाल्या. १९४७ ला फाळणी झाली आणि सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना इथे आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी वसाहतीचं नाव 'उल्हासनगर' ठेवलं. आडोसे करून एकेका बराकीत अनेक कुटुंबं राहिली. पापड लाटून, कापड विकून माणसं उभी राहिली. पाठोपाठ नोकरीधंद्यासाठी आपण मराठी माणसंही आलो. १९९६ मध्ये महानगरपालिका झाली. शहर झालं, तरी तोंडी 'कॅम्प' राहिलाच.

मी बँकेत असताना एक वृद्ध सिंधी गृहस्थ दुकानासाठी कर्ज मागायला आले. फडक्यात गुंडाळलेली सनद त्यांनी हळूच टेबलावर ठेवली. म्हणाले, "साहेब, तिकडे हवेली होती, इथे अर्धी बराक. पण ही माझ्या नावावर आहे." त्या दिवशी मला कळलं, की छत मिळालं तेव्हा छावणी वसली, पण माणसं निर्धास्त झाली ती कागदावर नाव लागलं तेव्हा.

आता आपलं बघा. पंचवीस वर्षं झाली, इमारतीला दोनदा रंग दिला, लिफ्ट बदलली. पण जमीन अजून सोसायटीच्या नावावर नाही. मानीव अभिहस्तांतरणाचा विषय दर वार्षिक सभेत येतो आणि चहाबरोबर संपतो. मी सहा वर्षं खजिनदार होतो. खर्चाला घाबरून मीही तो पुढे ढकलला. चूक माझीही आहे.

उद्या पुनर्विकासाची वेळ आली, तर पहिला प्रश्न जमिनीचा निघेल. तेव्हा आमच्यातले किती जण असतील, सांगता येत नाही. म्हणून विनंती, यंदा जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचाच. कागदपत्रं लावून द्यायला मी रोज संध्याकाळी ऑफिसात बसेन. चहा घरून आणीन.

जय हिंद, जय महाराष्ट्र!