साक्ष आणि पुरावा
(पोखर्णी येथे धम्मबांधवांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सभेस आरंभ होण्यापूर्वी एका मावशींनी मला बाजूला बोलावून एक प्रश्न विचारला. तोच प्रश्न मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे. त्या म्हणाल्या, “वकीलसाहेब, आम्ही दीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा म्हटल्या, घरातले देव उठवले. पुढे नातवाला ताप आला, तो तीन दिवस उतरेना. सासूबाई म्हणाल्या, नरसिंहाचा नवस मोडला म्हणून देव कोपला. त्यांनी गुपचूप अंगारा लावला आणि ताप उतरला. आता सासूबाई खोटे बोलतात असे मी कसे म्हणू?”

पोखर्णी हे नरसिंहाचे प्रसिद्ध क्षेत्र आहे. येथे येणारा भाविक स्वतःचा काही ना काही अनुभव सांगतो, आणि तो अगदी मनापासून सांगतो. दैवी अवतार मानणार नाही, अशी प्रतिज्ञा आपण केली आहे. तेव्हा ह्या अनुभवांना उत्तर काय द्यावयाचे, हा प्रश्न आपल्या प्रत्येक घरात उभा राहणारच.

प्रथम हे ध्यानात घ्या, की सासूबाई खोटे बोलत नाहीत. न्यायालयात साक्षीदाराची परीक्षा दोन अंगांनी होते: तो प्रामाणिक आहे काय, हे एक, आणि तो जे सांगतो ते त्याला प्रत्यक्ष ठाऊक असण्याजोगे आहे काय, हे दुसरे. पहिल्या परीक्षेत उतरलेला साक्षीदार दुसरीत नापास होऊ शकतो. तोंडी साक्ष प्रत्यक्ष असली पाहिजे, हा नियम 1872 च्या पुरावा कायद्यात होता, आणि 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही तो कायम आहे. सासूबाईंनी ताप पाहिला, अंगारा लावला, ताप उतरलेला पाहिला. येथपर्यंत त्यांची साक्ष ग्राह्य आहे. परंतु अंगाऱ्यामुळे ताप उतरला, हे त्यांनी पाहिलेले नाही. तो त्यांचा तर्क आहे. मी मावशींना एवढेच विचारले, की मुलाला दवाखान्यात नेले होते काय? त्या म्हणाल्या, “होय, दुसऱ्या दिवसापासून गोळ्या चालू होत्या.” उलटतपासणी येथेच संपली.

कोणी म्हणेल, एका सासूबाईंचे सोडा, हजारो लोक तेच सांगतात. कायद्याचे उत्तर असे, की साक्षीदार मोजावयाचे नसतात, तोलावयाचे असतात. ह्याचे एक उदाहरण दूरदेशीचे देतो. अमेरिकेत 1830 साली जोसेफ स्मिथ ह्यांनी ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. देवदूताने दाखविलेल्या सोन्याच्या पत्र्यांवरून आपण त्याचे भाषांतर केले, असे ते सांगत. अकरा माणसांनी ते पत्रे पाहिल्याची साक्ष दिली व ती ग्रंथात छापली गेली. त्यांतील प्रमुख तिघे पुढे त्या संप्रदायातून बाहेर पडले किंवा काढले गेले. तरीही त्यांनी आपली साक्ष मागे घेतली नाही. साक्षीचे एवढे बळ क्वचितच आढळते. परंतु ते पत्रे आज कोणासही दाखविता येत नाहीत; ते देवदूताने परत नेले, असे सांगितले जाते. प्राचीन अमेरिकेतील ज्या लोकांची कथा त्या ग्रंथात आहे, त्यांच्यापाशी घोडे व पोलाद असल्याचे त्यात लिहिले आहे. उत्खननांतून त्यास दुजोरा मिळालेला नाही. त्यांचा दुसरा एक ग्रंथ मिसर देशातील पपायरसांवरून भाषांतरिलेला म्हणून सांगितला जाई. त्या पपायरसांचे काही तुकडे 1967 साली न्यू यॉर्कच्या संग्रहालयातून पुढे आले. तज्ज्ञांनी ते वाचले, तेव्हा तो प्रेतसंस्काराचा नेहमीचा मजकूर निघाला. तरीही त्या पंथाचे सज्जन अनुयायी सांगतात, की आम्ही प्रार्थना केली आणि हे सत्य असल्याचे अंतःकरणाला जाणवले. त्यांच्या जाणिवेविषयी मला शंका नाही. परंतु जाणीव ही जाणवणाऱ्याच्या मनाचा पुरावा होय; जमिनीत काय पुरले आहे, ह्याचा नव्हे.

आता आपणांस टाळी वाजविण्याचा मोह होईल. तो आवरा, कारण हाच काटा आपल्या घरावरही लागू करावयाचा आहे. लुंबिनी येथील अशोकाचा स्तंभलेख 1896 साली उजेडात आला. बुद्धाचा जन्म येथे झाला, असे त्यावर कोरलेले आहे. म्हणजे अशोकाच्या काळी लोक ह्याच स्थळाला बुद्धाचे जन्मस्थान मानीत होते, हे दगडाने सिद्ध झाले. परंतु जन्मताच बाळ सात पावले चालले, ही कथा त्या दगडाने सिद्ध होत नाही. जेवढा पुरावा, तेवढाच निष्कर्ष. परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्याला हीच शिस्त घालून दिली. 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ह्या ग्रंथाच्या प्रारंभीच त्यांनी विचारले आहे, की एकोणतीस वर्षांच्या तरुणाने तोवर वृद्ध, रोगी व मृत मनुष्य पाहिलाच नसेल, हे कसे संभवते? परंपरेची साक्ष आहे म्हणून त्यांनी ती कथा स्वीकारली नाही. स्वतः भगवंतांनीही कालामांना सांगितले होते, की केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा गुरूने सांगितले आहे, म्हणून कशाचाही स्वीकार करू नका.

मग साक्षीला काहीच किंमत नाही काय? आहे, आणि ती तुमच्या हक्कांशी निगडित आहे. पंजाबराव विरुद्ध डॉ. डी. पी. मेश्राम हा खटला सर्वोच्च न्यायालयाने 1964 साली निकालात काढला. 1962 साली नागपूरच्या राखीव मतदारसंघातून निवडून आलेल्या आमदारांनी बौद्ध धम्म स्वीकारला होता किंवा नाही, हा त्यातील वाद होता. न्यायालयाने त्यांच्या अंतःकरणात डोकावण्याचा यत्न केला नाही. दीक्षाप्रसंगी हजर असलेल्यांच्या साक्षी आणि बुद्धाचे चित्र छापलेल्या लग्नपत्रिकांसारखे कागद त्याने एकत्र तोलले, व धम्मस्वीकार झाला होता असे ठरविले. धर्म मानणे म्हणजे तो उघडपणे, इतरांस कळेल असा जाहीर करणे, असा अर्थ त्याने लावला. त्या काळी बौद्ध होताच अनुसूचित जातीच्या सवलती जात, म्हणून ती जागाही गेली. 1990 साली कायदा बदलला आणि अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांना त्या सवलती मिळाल्या. यास्तव आज आपला धम्म लपविण्याचे कारण उरलेले नाही.

भेद नीट पाहा. ‘मी दीक्षा घेतली’ ही तुमची साक्ष उत्तम होय, कारण ती कृती तुम्ही स्वतः केली. ‘देवाने ताप उतरविला’ ही साक्ष दुर्बळ होय, कारण ते कोणीच पाहिलेले नाही.

मावशींना मी सांगितले ते आपणा सर्वांस सांगतो. सासूबाईंना खोटे म्हणू नका. त्यांची नातवावरील माया खरी आहे. मूल आजारी पडले, तर त्यांनाच सोबत घेऊन दवाखान्यात जा, आणि मूल बरे झाले, की औषध कोणते दिले ते त्यांना समजावून सांगा. साप चावलेल्या मनुष्याला औषधोपचारापासून रोखून मंत्र घालणे हा तर महाराष्ट्रात 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि उद्या कोणी आपल्याच विहारात म्हणाले, की बुद्धमूर्तीच्या तीर्थाने रोग बरा झाला, तर त्यालाही हाच प्रश्न विचारा: पाहिलेस काय, आणि तर्क कोणता?

आपण एक देव्हारा उठविला, तो दुसरा मांडण्यासाठी नव्हे.

जय भीम! नमो बुद्धाय!