अडगळीतली जीप

पंधरा वर्षांहून अधिक जुन्या सरकारी मोटारींची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून चालू ठेवावयाची नाही, असा नियम झाला, त्यानंतरच्या दिवसांतली ही हकीकत आहे. आमच्या कचेरीतील अशा मोटारींची यादी माझ्यापुढे सहीसाठी आली. तीत दोन जीपगाड्या होत्या. मी सही केली. नियम योग्यच होता. त्याविषयी माझी तक्रार नव्हती. परंतु त्याच संध्याकाळी खानापुराहून आईचा फोन आला. ती म्हणाली, "अरे, अण्णांची जीप भंगारवाला मागतो आहे. देऊन टाकू का?"

श्रोतेहो, दिवसा ज्या हाताने दोन जीपगाड्या मोडीत काढल्या, त्याच हाताने फोन धरून मी आईला म्हणालो, "थांब, देऊ नकोस." हा दुटप्पीपणा मला त्या क्षणीच जाणवला.

अण्णा डॉक्टर होते. खानापूर तालुक्यातला पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तेथील जंगलपट्टीतल्या चिखलवाटांविषयी निराळे सांगावयास नको. अशा वाटांवरून रात्री-अपरात्री रोग्याकडे जावयाचे, तर जीपवाचून गत्यंतर नव्हते. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी जन्मलेली ही गाडी १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्रांच्या कंपनीने आपल्या देशात रुजवली. चारही चाकांना इंजिनाची ताकद देता येते, हे तिचे वैशिष्ट्य. अण्णा गेल्यावर ती गोठ्याशेजारच्या छपराखाली अकरा वर्षे उभी होती. कोंबड्यांनी तिच्यात अंडी घातली, उंदरांनी तारा कुरतडल्या. आम्ही मात्र तिला "जपून ठेवली आहे" असे म्हणत होतो!

ट्रकवर घालून मी ती बंगळुरास आणविली आणि शिवाजीनगर गाठले. शहाजीराजांची जहागीर असलेल्या या शहरात शिवरायांच्या नावाची वस्ती असावी, याचे मराठी मनाला कौतुक वाटते. पूर्वीच्या छावणीचा हा भाग. ब्लॅकपल्ली हे त्याचे जुने नाव. रसेल मार्केटच्या आसपास गुजरी नावाचा बाजार भरतो. कोल्हापूरच्या गुजरीत सोने मिळते. या गुजरीत जुन्या मोटारींचे सुटे भाग मिळतात. ज्याला जे हवे, त्याला तेच सोने!

तेथे एका गल्लीत मला एक वयोवृद्ध मेस्त्री भेटले. सारे त्यांना चाचा म्हणत; मीही म्हणू लागलो. त्यांची भाषा दखनी. एखाद्या शब्दावर जोर देताना दखनी बोलणारा आपल्यासारखाच शेवटी "च" लावतो. त्यामुळे परक्या गावात ती भाषा ऐकताना घरचेच कोणी बोलत असल्याचा भास होतो. मी उतावीळपणे म्हणालो, "चाचा, बॅटरी लावून एकदा इंजिनाचा आवाज तर ऐकवा." चाचांनी मान हलविली. "नहीं साब. पहले ब्रेकच देखेंगे."

मला हे उफराटे वाटले. ब्रेकचा पायटा दाबला तर तो चांगला कठीण लागत होता. चाचांनी वाद न घालता चारही चाके उतरविली आणि ड्रम उघडले. दोन चाकांतले दट्ट्ये गंजून जागच्या जागी बसले होते. रबराच्या नळ्या बाहेरून धड दिसत होत्या, पण आतून फुगून त्यांची वाट बुजली होती. ब्रेकचे तेल हवेतली आर्द्रता शोषते आणि ते पाणी आतून लोखंड खात राहते. शिवाय या जुन्या जीपमध्ये चारही चाकांना तेलाचा एकच मार्ग. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. मी ज्याला मजबुती समजत होतो, तो गंज होता. आणि याच गाडीत मी आईला बसविणार होतो!

पुढचे काम सावकाश झाले. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडले आणि दोन दिवस मुरू दिले. मग हँडल घालून इंजिन हाताने हळूहळू फिरविले. कोरड्या इंजिनाला एकदम झटका दिला, तर सिलिंडरच्या भिंती ओरखडतात. टाकीतले पेट्रोल वार्निशासारखे चिकट झाले होते. ते फेकून टाकी धुतली, कार्ब्युरेटरची बारीक भोके मोकळी केली. इंधनाच्या साऱ्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा नवा घातला, कारण आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या प्रतीचे रबर त्याने खराब होते. मागच्या डिफरन्शियलमधले तेल दुधाळ निघाले, म्हणजे आत पाणी शिरले होते, तेही बदलले. टायरांवर नक्षी शाबूत होती, परंतु कडांना भेगा पडल्या होत्या. "टायर फक्त झिजून मरत नाही, वयानेही मरतो," असे चाचांनी मला समजाविले.

शेवटच्या दिवशी इंजिन सुरू करण्यापूर्वी गल्लीतल्या चार पोरांनी जीप ढकलली. मी ब्रेक दाबला. ती डावी-उजवीकडे न ओढता सरळ उभी राहिली. मगच चाचांनी किल्ली माझ्या हाती दिली. इंजिनाने दोनदा खोकल्यासारखे केले आणि तिसऱ्यांदा ते चालू लागले. तो आवाज ऐकताना मला मध्यरात्री अंगणात थांबलेली जीप आणि कंदील घेऊन दारात उभी असलेली आई आठवली.

खाजगी मोटारीला पंधरा वर्षांनंतर तपासणीत उतरल्यास पाच-पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून मिळते. आमची जीप त्या तपासणीस उभी राहिली, तेव्हा माझ्या मनातली टोचणी पुष्कळशी कमी झाली. माझ्या भावनेसाठी नियमाने सूट द्यावी, असे मी म्हणू शकत नव्हतो. पण जीप कसोटीला उतरेल एवढे कष्ट घेणे माझ्या हाती होते. ते मी अकरा वर्षे घेतले नव्हते.

आपल्यापैकी अनेकांच्या परसात एखादी मोटारसायकल, एखादा ट्रॅक्टर वडिलांची आठवण म्हणून उभा असेल. त्याच्यावर नुसते ताडपत्रीचे पांघरूण घालून आपण मोकळे होऊ नये. जमल्यास तो दुरुस्त करावा, न जमल्यास रीतसर निरोप द्यावा. आणि दुरुस्त करावयाचा झाला, तर चाचांचा क्रम विसरू नये: आधी ब्रेकच.