नळीतलं पाणी पिवळं झालं का?

पावसाळ्यात कर्जत-खालापुरात विहिरी काठोकाठ भरतात. पाणी नितळ दिसलं, तरी रानातली घाण वाहून त्यात आलेली असते. म्हणून जलसुरक्षक टाकीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर टाकतो. 1000 लिटरला 5 ग्रॅम. पण ती तुमच्या घरापर्यंत पोचली का?

अर्ध्या तासानं शेवटच्या घरच्या नळाचं पाणी काचेच्या नळीत घ्यावं. शेवटच्याच, कारण घाणीशी झुंजताना क्लोरीन वाटेत खर्ची पडतो. नळीत ओटी नावाच्या द्रावणाचे थेंब टाकावेत. पाणी पिवळं झालं, तर क्लोरीन पोचला. हे पाणी मात्र फेकून द्यायचं, पोटात जाऊ द्यायचं नाही.

पिवळं झालंच नाही तर? तर नळाचं पाणी उकळून प्या अन् ग्रामपंचायतीत जाऊन विचारा, पावडर टाकली का? टाकली असेल, तर ओल लागलेली, जुनी तर नव्हती?