‘गावाकडची एखादी मुलगी बघ ना’
(राजूर येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, ‘बाळ सांभाळायला बाई कशी शोधावी’. फोनवर थोडा वेळ शांतता. सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, तर नोकऱ्यांवर बोलेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. पण तुमच्यापैकी अनेकांची दोन-चार वर्षांत लग्नं होतील. पुण्याला, नाशिकला घर कराल, दोघंही नोकरी कराल. मूल सहा महिन्यांचं झालं की हा प्रश्न दारात उभा राहणारच आहे. आणि आपल्या राजूरच्या माणसासाठी तो जरा वेगळा आहे. का, ते सांगतो.

माझ्या बायकोची २६ आठवड्यांची प्रसूती रजा संपत आली होती. २०१७च्या दुरुस्तीमुळे आईला ती मिळते. खासगी नोकरीतल्या बापाला कायद्यानं एक दिवसाचीही रजा नाही. अम्मीचे गुडघे दुखतात, त्यामुळे ती पुण्यात येऊन राहू शकत नव्हती. मी तिला फोन केला आणि इथून शहरात गेलेला प्रत्येक जण म्हणतो तेच म्हणालो, “अम्मी, गावाकडची एखादी मुलगी बघ ना. गरजू, घरातच राहणारी.”

आठवड्याभरात मुलगी ‘मिळाली’. तिला घ्यायला मी राजूरला आलो. ओळखीतल्या एकानं तिला स्टँडवर आणलं होतं. वरच्या पाड्यावरची मुलगी. महिना पाच हजार, खाऊनपिऊन, आणि पैसे वडिलांच्या हातात. पुण्यात दिवसभराची बाई पंधरा-सोळा हजार मागत होती. तो माणूस म्हणाला, “शिकून काय करणार ही? तुमच्याकडे सुखात राहील.” मला ते पटलं. आज लाज वाटते, पण तेव्हा पटलं होतं.

तिच्या पिशवीतून आठवीचं गणिताचं पुस्तक डोकावत होतं. मी विचारलं, “हे कशाला घेतलंस?” ती म्हणाली, “रात्री करीन. बाळ झोपल्यावर.”

मी एकटाच पुण्याला परतलो. यात माझा काही मोठेपणा नाही. ते पुस्तक पिशवीत तळाशी असतं, तर मी तिला घेऊन गेलो असतो.

कायदा यात स्पष्ट आहे. चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवण्यावर ऑक्टोबर २००६पासून बंदी आहे. २०१६च्या दुरुस्तीनं तर या वयाच्या मुलांना जवळपास सगळ्याच कामांतून बाहेर काढलं. महाराष्ट्राच्या २००८च्या कायद्यानं घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळ आलं. तिथे नोंदणी होते ती १८ ते ६० वयाच्या कामगाराची. म्हणजे घरकाम हे मोठ्या माणसाचं काम आहे, हे कायद्यानंच धरलेलं आहे. आपल्याच गावात आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे. आसपासच्या पाड्यांवरची मुलं शिकावीत म्हणून आश्रमशाळा आहेत. आणि आपण तीच मुलं स्टँडवरून उचलतो आणि वर त्याला ‘मदत केली’ म्हणतो. खरं तर गरज माझी होती. गरजू मी तिला म्हणत होतो.

दीन यावर काय सांगतो? सूरह बकराच्या २३३व्या आयतीचा आशय असा आहे : दूध सोडवायचं तर आईबापांनी आपसात सल्लामसलत करून ठरवावं. दुसऱ्या बाईकडून दूध पाजून घ्यायचं असेल तर त्यात गुन्हा नाही, मात्र तिला ठरलेला मोबदला रीतसर द्यावा. दोन गोष्टी लक्षात घ्या. निर्णय दोघांचा आहे, एकट्या आईचा नाही. आणि मोबदला हा तिचा हक्क आहे, आपली खैरात नाही. दाई हलीमांची गोष्ट लहानपणी सगळ्यांनी ऐकली आहे. पैगंबरसाहेब मोठे झाल्यावर त्या भेटायला आल्या, तेव्हा त्यांनी स्वतःची चादर अंथरून त्यांना बसवलं, असं सांगितलं जातं. आपल्या घरात बाळाला सांभाळणारी बाई कुठे बसते? खुर्चीवर की फरशीवर?

मग आम्ही नव्यानं शोध सुरू केला. अनामत रक्कम मागणाऱ्या एजंटाकडे गेलो नाही. आमच्या इमारतीत काम करणाऱ्या बायकांनाच विचारलं. कोण मायेनं वागतं, कुणाला कामाची गरज आहे, हे त्यांना चांगलं ठाऊक असतं. त्यांनी एक मावशी सुचवल्या. वय चाळिशीच्या पुढचं. योगायोग असा की त्या अकोले तालुक्यातल्याच, महादेव कोळी. नवऱ्याबरोबर पुण्यात आलेल्या.

अम्मी म्हणत होती, “आपल्यातलीच बघ.” पुण्यात घर शोधताना माझं नाव ऐकून फोन ठेवणारे घरमालक मला भेटले आहेत. शहरांत कितीतरी मुस्लिम बायका काम मिळावं म्हणून दुसरंच नाव सांगतात. तोच प्रश्न मी दुसऱ्याला कोणत्या तोंडानं विचारू?

आम्ही वेगळे प्रश्न विचारले. बाळाला ताप आला तर आधी काय कराल? अर्धा तास रडायचं थांबलंच नाही तर? घशात काही अडकलं तर? आधीच्या घरी फोन करून बोललो. ओळखपत्राची प्रत घेतली. पोलिसांकडे पडताळणी करणार हे त्यांना आधी सांगितलं. शेवटी विचारलं, “तुम्हाला काही विचारायचंय?” मावशी म्हणाल्या, “माझा कप वेगळा ठेवणार का?”

आम्ही दोघंही गप्प झालो. त्या आमची जात-धर्म तपासत नव्हत्या. आधीच्या घरांतला अनुभव बोलत होता. बायको उठली, तिघांसाठी चहा केला आणि सारख्याच कपांतून आणला.

पहिले तीन दिवस मी रजा काढून घरी थांबलो, त्या दिवसांचा पगार धरून. मग साध्या कागदावर सगळं लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं. वेळ साडेआठ ते सहा. पगार सोळा हजार, पाच तारखेच्या आत, त्यांच्याच खात्यात. उशीर झाला तर तासाप्रमाणे जास्तीचे पैसे. रविवारी सुट्टी, आजारपणाची भरपगारी रजा. काम बाळाचं, भांडी आणि फरशी त्यात नाही. कॅमेरा लावायचा तर सांगून, लपवून नाही. त्यांनी एक ओळ वाढवून घेतली : आषाढात भाताच्या आवणीला दहा दिवस गावी. ते दहा दिवस आम्ही दोघांनी पाच-पाच दिवस रजा वाटून काढले.

कागद कशाला, असं मित्र विचारतात. कारण घरेलू कामगारांच्या हक्कांचा सर्वंकष केंद्रीय कायदा हवा, यावर विचार करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला जानेवारी २०२५मध्ये केंद्राला समिती नेमायला सांगावं लागलं. पुण्यातल्या मोलकरणींनी १९८०मध्ये संप केला, संघटना बांधली. तेव्हापासून त्या पगार आणि रजाच मागत आहेत. आणि इथल्या मुलग्यांसाठी मुद्दाम सांगतो : २०१३च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात तुमचं घर हेही तिच्या कामाचं ठिकाण आहे.

पुढच्या खेपेला राजूरला आलो तेव्हा त्या मुलीची चौकशी केली. ती शाळेत जात होती. मात्र तिच्याच पाड्यावरची दुसरी एक मुलगी कुणीतरी मुंबईला नेली होती. मी नाही म्हणालो, म्हणून मागणी थांबली नव्हती.

ती मागणी इथे तुमच्याकडेच येते. उद्या एखाद्या खालाचा, चाचाचा फोन येईल, “तिकडची एखादी मुलगी बघ ना.” तेव्हा फोन ठेवू नका, भांडू नका. फक्त विचारा, “कितवीतली हवी?”