रात्रीच्या उजेडाची भीती कोणाच्या कामाची?

आपल्या कोकणात भुताच्या गोष्टी ऐकल्याशिवाय कोणी मोठं झालेलं नाही. खाडीत गिऱ्हा असतो, तो माणसाला पाण्यात ओढतो. तळकोकणात देवचार रात्री गावाची राखण करत फिरतो. खांद्यावर घोंगडी, हातात काठी आणि पेटती चूड. त्याचा उजेड दिसला तर बघायचं नाही, हाक मारायची नाही, दार लावून घ्यायचं.

गिऱ्ह्याच्या भीतीने पोरं भरतीच्या पाण्यापासून लांब राहतात, हे चांगलंच. पण दार लावून घेण्याचा फायदा कोणाला होतो, तेही बघूया.

१९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने सोन्याची बिस्किटं घरात ठेवायला बंदी होती. त्या काळात दुबईकडून दहा-दहा तोळ्यांची बिस्किटं गलबतांतून चोरून यायची. माल उतरायचा तो रात्री, आडबाजूच्या किनाऱ्यावर. आता घोंगडी पांघरून, हातात बत्ती घेऊन कोणी पुळणीवर उभा असेल, तर लांबून तो कसा दिसेल? देवचारासारखाच ना? उजेड दिसला की गाव दार लावून घेत असेल, तर तस्कराला वेगळी भीती घालावी लागत नाही. ती त्याला आयती मिळते.

तो कायदा १९९० मध्ये रद्द झाला, पण चोरवाटा राहिल्या. जानेवारी-फेब्रुवारी १९९३ मध्ये रायगडच्या दिघी आणि शेखाडीला अशाच वाटेने स्फोटकं उतरली. १२ मार्चला मुंबईत बॉम्बस्फोट झाले, २५७ माणसं गेली. पुढे कोर्टाने कस्टम आणि पोलीस खात्यातल्याही काही जणांना शिक्षा दिली.

म्हणून उजेड दिसला तर आधी तो कसला ते बघा. कधीकधी रात्री लाट निळी चमकते, ती समुद्रातल्या बारीक जीवांमुळे. होडीची बत्ती तर घरातली मच्छीमार माणसं ओळखतात. यातलं काहीच नसेल, तर एकटीने किनाऱ्यावर जाऊ नका. जागा आणि वेळ लक्षात ठेवा, ११२ ला फोन करा. एकाच माणसाच्या कानात सांगून थांबू नका, गटाच्या बैठकीतही बोला. दहा जणींना माहीत असलेली गोष्ट दाबणं कठीण असतं.

देवचाराला नारळ ठेवा, गाऱ्हाणं घाला, पोरांना गोष्टीही सांगा. पण गावाची राखण त्याच्या एकट्यावर सोडू नका.