बिल मशीनचं नाही, गरम पाण्याचं

आज बोलूया कपडे धुण्यातल्या विजेबद्दल.

गटाच्या बैठकीत वीजबिलाचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं असतं. "घरात म्हणतात, बिल वाढलं, मशीन बंद कर, हातानं धू." म्हणजे बचत घराची आणि कंबर बाईची! पण खरंच मशीन एवढी वीज खातं का? चला, हिशोब करू.

१००० वॅटचं उपकरण १ तास चाललं की १ युनिट होतं. साध्या सेमी-ऑटोमॅटिक मशीनची मोटर साधारण ४०० वॅटची धरा. ती पाऊण तास चालली तरी पाव युनिटाच्या थोडं वर. रोज लावलं तरी महिन्याला ९ युनिट. आता पाणी तापवायचा रॉड बघा. १५०० वॅटचा रॉड ४० मिनिटं चालला की १ युनिट संपलं. रोज कपड्यांसाठी एक बादली तापवली, तर महिन्याला ३० युनिट! आणि आपल्याकडे १०० युनिटच्या पुढच्या प्रत्येक युनिटला वरचा दर लागतो, हे बिलावर वाचा.

म्हणजे वीज जाते ती उष्णतेत. मग काय करायचं?

पहिलं, रोजच्या कपड्यांना गरम पाणी लागतच नाही. साबणाच्या साध्या पाण्यात अर्धा तास भिजवा, कॉलर आणि बाह्यांना आधी साबण चोळा. रक्ताचे डाग तर गरम पाण्यानं उलट पक्के बसतात. पाळीचे कपडे आधी थंड पाण्यातच धुवा आणि लाज न बाळगता कडक उन्हात वाळवा. आजारी माणसाच्या चादरी, बाळाचे लंगोट यांना मात्र गरम पाणी जरूर वापरा. कोमट पाणी हवं असेल तर बादली सकाळपासून उन्हात झाकून ठेवा. आपोआप तापणारं मशीन असेल तर थंड पाण्याचं बटण निवडा.

दुसरं, मशीन पुरेसे कपडे साठल्यावर लावा, पण कोंबू नका. कपडे हलायला जागा हवी, नाहीतर मळ निघत नाही आणि पुन्हा धुवावं लागतं.

तिसरं, इस्त्री. तापायलाच ती बरीच वीज घेते. रोज एक शर्ट करण्यापेक्षा आठवड्याचे कपडे एकदम करा. कपडे झटकून, ताणून वाळत घातले तर निम्म्यांना इस्त्री लागतही नाही. जाड कपडे आधी, पातळ शेवटी. बटण बंद केल्यावर उरलेल्या उष्णतेत दोन ओढण्या, चार रुमाल सहज होतात.

चौथं, पावसाळ्यात रात्रभर पंख्याखाली कपडे वाळवण्याआधी मशीनमध्ये एकदा जास्तीचे पिळून घ्या. दोऱ्यांमध्ये अंतर ठेवा. वारा लागला की निम्मं काम होतं.

आणि एक गोष्ट पैशांपेक्षा मोठी. रॉड चालू असताना पाण्यात बोट घालून बघू नका. आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मगच पाण्याला हात. मुलं आसपास असतील तर दुप्पट जपा.

या महिन्यात एवढंच करा. आजचं मीटरचं रीडिंग वहीत लिहा, आठ दिवसांनी पुन्हा लिहा. पुढच्या बैठकीत ती वही घेऊन या. पुन्हा कुणी म्हणालं "मशीन बंद कर," तर वही पुढे ठेवा. आकडे बोलतील.