पितळेच्या गावातलं हेवी मेटल

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आमच्या भंडाऱ्याची ओळख शाळेच्या पुस्तकात पितळी भांड्यांचं गाव अशी दिलेली असते. तुमसरकडे गेलात तर चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथं मँगनीजच्या खाणी आहेत, वरठीला पोलादाचा कारखाना आहे. त्यामुळे ‘हेवी मेटल’ हे शब्द आमच्याकडे कुणी पहिल्यांदा ऐकले, तर त्याला गाणं आठवत नाही, मालगाडी आठवते. मी आज बोलणार आहे ते मात्र गाण्याबद्दलच. माझ्यासारख्या मराठीत कविता लिहिणाऱ्या मुसलमान माणसानं गझलेवर बोलावं, फार तर कव्वालीवर, अशी आपली अपेक्षा असेल. तीही मला प्रिय आहेत. पण गिटारच्या या कल्ल्याशी माझी दोस्ती चाळीसेक वर्षांची आहे.

डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून निघणारं मँगनीज डायऑक्साइड टॉर्चच्या, रेडिओच्या कोरड्या सेलमध्ये वापरलं जातं. आमच्या तरुणपणी वीज गेली की टेपरेकॉर्डर सेलवर चालायचा. म्हणजे विलायतेचं गाणं आमच्याच मातीवर वाजत होतं, असं म्हणायला हरकत नसावी. कॅसेटी यायच्या त्या जवाहरनगरच्या आयुध निर्माणीच्या वसाहतीतून. तिथं बंगाल, केरळ, आंध्र अशा ठिकठिकाणची कुटुंबं राहत. कुणाचा तरी मोठा भाऊ सुटीत कलकत्त्याहून कॅसेट आणी. तिची नक्कल, नकलेची नक्कल असं होत होत ती आमच्यापर्यंत पोहोचेस्तोवर गाण्याइतकीच खरखर तिच्यात भरलेली असे. वर देवनागरीत लिहिलेलं असे, ‘ब्लॅक सबाथ’, ‘डीप पर्पल’. माझं इंग्रजी बी.ए.पुरतं, शब्द निम्मे कळत नसत. उर्सात कव्वालाच्या फारसी ओळींवर मान डोलावणाऱ्या किती जणांना फारसी येते?

आता आम्ही सहा जण आहोत. एक निवृत्त बँक कर्मचारी, एक शाळामास्तर, एक मोबाइल दुरुस्त करणारा पोरगा, एक पिढीजात पितळेच्या धंद्यातले गृहस्थ, मी आणि अलीकडे माझा भाचा. बँकवाले तर २००८च्या फेब्रुवारीत भंडारा रोड स्टेशनवर गाडी पकडून मुंबईला ‘आयर्न मेडन’ ऐकायला गेले होते. त्या रात्रीचं वर्णन ते अजून करतात, आणि दर खेपेला त्यात थोडी भर पडते. रविवारी मगरिबनंतर आम्ही बसतो. दर खेपेला एकाची पाळी. त्यानं एक गाणं आणायचं, कोणतं ते आधी सांगायचं नाही. गाणं संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. मग त्यानं ते का आणलं ते सांगायचं. आज सगळ्या जगाची गाणी खिशातल्या मोबाइलमध्ये आहेत, हे खरं. पण समोर बसून ‘हे ऐक’ म्हणणारा माणूस मोबाइलमध्ये नाही.

एकदा मास्तरांनी ऑस्ट्रेलियाच्या ‘एसी/डीसी’चं ‘हेल्स बेल्स’ लावलं. हे १९८०चं. त्या वर्षी फेब्रुवारीत त्यांचा गायक बॉन स्कॉट वारला. जुलैत नव्या गायकासह ‘बॅक इन ब्लॅक’ ही तबकडी निघाली, तिचं वेष्टन सुतक पाळल्यासारखं काळंभोर. पहिलंच गाणं घंटेच्या टोलांनी सुरू होतं. सावकाश, एकेक टोल. नियम मोडून आमचे पितळवाले मध्येच बोलले, “हे पितळ नाही बाप्पा, कासं आहे.” मागाहून शोधलं. ती घंटा इंग्लंडातल्या लफबरो गावच्या ओतशाळेत केलेली, सुमारे टनभर वजनाची, खरोखरच काशाची. ज्याला इंग्रजीचा गंध नाही, त्यानं पहिल्या टोलात धातू ओळखला. समीक्षक म्हणवणाऱ्यांपैकी कितीजणांचा कान एवढा तयार असेल, मला शंका आहे.

तर आता त्या बर्मिंगहॅमकडे वळतो, जिथून हे सारं सुरू झालं. तेही कारखान्यांचं शहर. ‘ब्लॅक सबाथ’चा गायक ऑझी ऑस्बॉर्न तिथं मोटारींचे हॉर्न सुरात लावण्याचं काम करत असे. त्यानं कत्तलखान्यातही दिवस काढले. गिटार वाजवणारा टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात वेल्डर होता. १९६५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, नोकरीच्या शेवटच्या दिवशी त्याला दुसऱ्याच्या जागी प्रेस मशीनवर बसवलं. उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं मशीनखाली गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. डॉक्टर म्हणाले, गिटार विसर.

तेव्हा कारखान्यातला त्याचा वरिष्ठ एक तबकडी घेऊन त्याच्या घरी गेला. म्हणाला, हे ऐक. पोरगा ऐकायला तयार नव्हता. ऐकल्यावर म्हणाला, छान वाजवतो. तेव्हा वरिष्ठानं सांगितलं, हा माणूस तारा दोनच बोटांनी दाबतो. तो होता जँगो राइनहार्ट. १९२८ साली गाडीला लागलेल्या आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली होती.

आयोमीनं मग प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं केली, त्यांवर जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं. तारा बारीक लावल्या, पुढं त्या सैलही केल्या. तार सैल झाली की सूर खाली उतरतो, जड होतो. १९७०च्या १३ फेब्रुवारीला त्यांची पहिली तबकडी आली, १९७१च्या तिसऱ्या तबकडीत तो सूर चांगलाच खाली गेलेला ऐकू येतो. सगळं श्रेय त्या दोन बोटांना देण्याइतका भाबडा मी नाही, मोठाले अॅम्प्लिफायर होते, त्या काळाची हवा होती. शिवाय या मंडळींवर सैतानाचे भक्त म्हणून शिक्का बसला, त्यात त्यांच्या स्वतःच्या जाहिरातबाजीचाही वाटा होता. पण त्यांचं ‘वॉर पिग्ज’ ऐका. गरिबाच्या पोरांना लढाईवर धाडणाऱ्यांच्या विरुद्ध ते गाणं आहे. आयुध निर्माणीच्या वसाहतीतून आलेल्या कॅसेटवर मी ते पहिल्यांदा ऐकलं.

२०२५च्या ५ जुलैला हे चौघे बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर शेवटचे एकत्र वाजले. कंपवातानं थकलेला ऑझी सिंहासनावर बसून गायला. सतरा दिवसांनी, २२ जुलैला तो गेला.

माझा भाचा आमच्यात कसा आला, ते सांगायचं राहिलं. तो कव्वाली पार्टीत बेंजो वाजवायचा. आपल्याकडचा बटणांचा बेंजो, ज्याला बुलबुलतरंग म्हणतात. पोटासाठी एका वर्कशॉपमध्ये प्रेस मशीनवर होता. डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. बेंजो चादरीत गुंडाळून कपाटावर गेला. आपा मला म्हणाली, “तू शिकलेला आहेस, त्याला चार शब्द सांग.” माझ्याकडे सांगण्याजोगे शब्द नव्हते. कवीकडे असतात असा लोकांचा समज असतो. मी त्याला सबाथची पहिली तबकडी ऐकवली आणि टोनी आयोमीची हकिगत सांगितली.

त्याला गाणं आवडलं नाही. “मामू, ये तो बहुत धीमा है,” म्हणाला. त्याला पुढं आवडलं ते एसी/डीसी. पण त्यानं टोपणांबद्दल खोदखोदून विचारलं. प्लास्टिक कसं वितळवलं, चामडं कशानं चिकटवलं. आठवडाभरानं शिंप्याचं अंगुस्तान बोटात घालून आला. ते बटणावरून घसरतं. मग सायकलच्या ट्यूबचं रबर लावून पाहिलं, ते बटणाला चिकटून बसतं आणि बोट उचलायला उशीर होतो. थंडीत टोकं ठणकतात ते वेगळंच. आता मोबाइलवाल्या पोराबरोबर तो काहीतरी तिसरंच बनवतो आहे. एका रात्री आपाच्या घरावरून जाताना बेंजोचे तुटक सूर ऐकू आले. मी आत गेलो नाही. स्टेजवर तो अजून चढलेला नाही, पार्टीवाल्यांनी दुसरा पोरगा घेतला आहे.

पुढच्या रविवारी त्याची पहिली पाळी आहे. काय आणणार, म्हणून विचारलं, तर म्हणाला, “आधी सांगायचं नाही, हा तुमचाच नियम ना मामू?”